पाठमोरा ड्यूक

लॉदेव्ह, ९ नोव्हेंबर १९३०

चि. फुल्क्रां यास थोरल्याचे आशीर्वाद, वि. वि.

प्रथम तक्रार. आपल्या चित्रगृहाने बोलपटाचा भोंगा नेमका माझ्या खुर्चीच्या डोक्यावर टांगला आहे. वीस वर्षं वात्रट पोरांना लॅटिन शिकवूनही कान शाबूत राखले होते. ते काल तू रंगवलेल्या ड्यूकने घालवले.

आई मात्र हिरमुसली. तिचे कान गिरणीतल्या मागांनी कधीच नेले. तेव्हापासून ती ओठ वाचते, तुझे तर पडद्यावरूनही. मूकपटांत नायिकेला कवटाळून तू ओठांनी आईलाच विचारायचास, जेवलीस का म्हणून. लोक डोळे पुसायचे आणि आई मोठ्यांदा सांगायची, जेवले रे बाबा. काल तू बग्गी तयार असल्याचं तेवढं सांगितलंस. तू रागावला आहेस का, असं सकाळपासून तीनदा विचारून झालं. काय सांगू तिला?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा आन्सेल्म

पॅरिस, १५ नोव्हेंबर १९३०

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावेन कशाला? आता यंत्र सगळं ऐकतं. चाचणीत मी तोंड उघडलं आणि माझा दक्षिणी हेल ऐकून सगळे हसत सुटले. दिग्दर्शक म्हणाले, हे ड्यूकमहाशय दक्षिणेच्या बाजारात खरबुजं विकत होते वाटतं! तेव्हापासून पॅरिसचा एक जण कॅमेऱ्यामागून बोलतो, मी नुसते ओठ हलवतो. तेही जुळत नाहीत, म्हणून पुढच्या चित्रात मला पाठमोराच उभा करणार आहेत. त्यानंतरचं कुणी बोलत नाही.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. सर्दी झालीय म्हणावं. घरी ये म्हणशील, पण कोणत्या तोंडाने येऊ?

तिच्या पायांशी डोकं,
फुल्क्रां

लॉदेव्ह, १ मार्च १९३१

चि. फुल्क्रां यास आशीर्वाद.

पंधरा दिवसांपूर्वी कानांत कापूस घालून चित्र पाहिलं. तू एकदाच दिसलास, खिडकीशी, पाठमोरा. आई ओळखणार नाही असं वाटलं होतं. तिने तत्क्षणी ओळखलं आणि त्या पाठीलाच मोठ्यांदा सांगितलं, जेवले रे बाबा. लोक हसले.

जन्मभर मुलांचे चुकीचे भूतकाळ खोडत आलो, पण तिच्या ‘जेवले’मधला हा खोटा भूतकाळ मला खोडवेना. तीन आठवडे ती धड जेवलेली नाही. सूप चमच्याने ढवळायची आणि ताटली मागे सारायची. डॉक्टरांना काही सापडत नाही. तुझी सर्दी तिला पटलेली नाही.

कोणत्या तोंडाने येऊ, विचारतोस. ज्या तोंडाने तिला विचारायचास, त्याच. आवाज तिला नकोच आहे.

भोंग्याचं राहू दे. ती आता उठून बसत नाही, फुल्क्रां, आणि मला भीती वाटते.

वाट पाहणारा,
आन्सेल्म