बायजाचे शेंगोळे

फाल्गुन वद्य तृतीया, दिवेलागण

लिहा. आणि अवो, पुढं हेच पान वाचून मलाच इचारू नका, बायजा कोण म्हणून. मला अक्षर येत असतं तर तुमाला सांगितलंच नसतं. काल लिंबागणेशाजवळ जिच्या पडवीत आपण पसरलो, ती मेंढपाळीण. छत्री तिथंच विसरलात, तिला तरी विसरू नका.

डाकबंगल्यात उतरायला आपण काय तालुकदार? बीडला नातीकडं पोचेस्तोवर झाडाखाली न्हाई तर कुणाच्या दारी राहायचं, पण भाकर आपलीच खायची, हा माझाच कायदा. गरिबाला ओझं कावून? म्हणून बायजाला म्हणाले, "आमी जेवून आलो," आणि गुपचूप गाठोड्यातली कोरडी भाकर मोडली.

सकाळी चुलीपाशी झाकलेलं पातेलं दिसलं. आत हुलग्याचे शेंगोळे, हातानं वळलेले, एकालाही बोट लागलेलं न्हवतं. बायजा म्हणाली, "तुमी खाल्ले न्हाईत, मग मला कसे जातील, मावशी?" रुसली असती तर मी भांडले तरी असते.

आपल्या गाडीचा बैल लंगडला म्हणून दोन कोसांवरच या चिंचेखाली मुक्काम पडला, आणि ते पातेलं काही डोळ्यापुढून हलत न्हाई. तुमी म्हणता, तिला गूळ धाडू. म्हंजे फेडून मोकळं व्हायचं? तिचं काही घेतलं न्हाई, हेच तर तिला लागलं.

उद्या तेल्याची गाडी तिकडं जाऊन परत येणार हाय. छत्री आणायला सांगा आणि बायजाला निरोप द्या: म्हातारी खोटं बोलली, उपाशीच हाय. शेंगोळे पाठव, शिळे असले तरी चालतील.