भातकुलीचे शनिवार

१ जुलै २००६, शनिवार

हाकलून दिलं मला! अगदी सरळ. "चहा घ्या बाई, आन जा. तुमची प्रार्थना तुमच्यापाशी ठेवा."

चहाही खारट. तिकडचं पाणीच तसं.

आमच्या महिला मंडळाने ठरवलं होतं, प्रत्येकीने एका घराला धीर द्यायचा. नुसतं चर्चमध्ये बसून गाणी म्हणायची नाहीत. माझ्या वाट्याला भातकुलीची कौशल्या आली. वय चौतीस, पदरी दोन मुली. नवऱ्याने दिवाळीनंतर जीव दिला. तेव्हापासून बाई उंबऱ्याबाहेर पडलेली नाही.

मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवलंय. पहिलीतली रडकी पोरं चार दिवसांत हसायला लागतात माझ्या वर्गात. एका कौशल्येला घाबरते की काय! पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुन्हा जाणार.

८ जुलै, शनिवार

गेले. आज एक शब्दही उपदेशाचा नाही. ती तांदूळ निवडत होती, मी समोर बसून निवडू लागले. अर्धं सूप निवडून झालं. मग तीच म्हणाली, "बाई, तुमाले खडे दिसून नाई राहिले. चष्मा लावा."

हसले मी. तीही — जवळजवळ.

मग हळूहळू बोलली. चार एकर आहे, पडीक पडलंय. दीर गजेंद्र म्हणतो, माझ्याकडे दे, बाईमाणसाच्यानं पेरणी होत नाही. "आन तुले काय वाटते?" मी विचारलं. वऱ्हाडी आपोआप आली तोंडात, आई बोलायची तशी.

"मले पेराचं हाये," ती म्हणाली. "पन तिफन कोन हाकन?"

"तूच!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विमान चालव म्हणाले.

९ जुलै, रविवार

मंडळात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब म्हणाले, "प्रेमलाबाईंकडून शिका." छान वाटलं, खोटं कशाला लिहू?

हे मागच्या बाकावर बसले होते. एकही गीत गायले नाहीत. घसा बसला असेल.

१२ जुलै, बुधवार

घरातच कृषी खात्यातला माणूस, मग दुसऱ्याला कशाला विचारायचं? जेवताना म्हटलं, भातकुलीच्या एका बाईला पेरायचंय, काय सांगू? यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तूर सांग. कापूस नको. आणि माझं नाव सांगू नकोस."

साहेबांचा विनय! बावीस वर्षं गावोगाव बियाणं-फवारणी सांगत हिंडले, आता म्हणे नाव नको.

१५ जुलै, शनिवार

झाली पेरणी!! मी डोळ्यांनी पाहिली!

बैलजोडी शेजारच्या अब्दुल रहीमभाईंची. पण बांधावर दहा माणसं उभी, आणि कौशल्या तिफणीला हातच लावेना. गजेंद्र छातीवर हात बांधून बघत होता. मी म्हटलं, तू बांधाकडे पाहू नकोस, समोरच्या बाभळीकडे बघ आणि चाल. तरी हलेना. तेवढ्यात रहीमभाईंची बायको हलीमाबी पदर खोचून पुढे आली — "चल व कौसल्या, मैं बीज छोड़ती पीछे से. तू हाक. आदमी लोगां को देखने दे, फुकट का तमाशा है."

निघाली तिफण. मातीत उमटलेलं पहिलं तास सापासारखं वाकडं. दुसरं बरं. पाचवं सरळ!

गजेंद्र निघून गेला. जाताना म्हणाला, "तास सरळ असून काय होते, उगवलं पायजे." मी मनात म्हटलं, उगवेल रे बाबा.

२२ जुलै, शनिवार

उगवलं.

५ ऑगस्ट, शनिवार

तुरीतलं तण निंदायला बसले तिच्यासोबत. माझे गुडघे! ती मला म्हणते, "ताई, तुमी तूर उपटून राहिल्या आन गवत ठेवून राहिल्या." बाईची ताई झाले मी, ही आजची कमाई. मुलीही शाळेत जायला लागल्या परत. मोठी धडा वाचून दाखवते आणि दर ओळीला माझ्याकडे बघते.

धीर देणं म्हणजे काय, ते आता मला कळलंय. बोलायचं कमी, जायचं मात्र न चुकता. मंडळात सांगणार आहे.

१२ ऑगस्ट, शनिवार

यांना बळेच घेऊन गेले. यायला तयारच नव्हते. स्कूटरवर अख्ख्या वाटेत मीच बोलत होते. शेतात गेल्यावर ओळीओळीने हिंडले, एका रोपाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. मी म्हटलं, सांगा ना तिला काहीतरी, चार शब्द चांगले! "चांगली आहे तूर," एवढंच म्हणाले.

कौशल्येने यांना चहा दिला. कपातला अर्धा तसाच ठेवला यांनी. परतताना मीच ओरडले — जरा हसून बोलायला काय जातं तुमचं? त्या बिचारीला किती बरं वाटलं असतं!

"हो," म्हणाले. "चुकलंच."

१९ ऑगस्ट, शनिवार

 आधी लिहून काढते, नाहीतर विचारायचा धीर होणार नाही.

आज कौशल्येने निंदण थांबवलं. खुरपं खाली ठेवलं. "ताई, एक विचारू? राग नोका मानू."

"विचार की."

"सायेब जेवते काय?"

मी हसले. म्हटलं, कमीच जेवतात हल्ली, वय झालं.

"झोपते काय?"

मग मात्र हसले नाही.

ती म्हणाली, "आमच्या घरचे बी असेच बसत. रोपापाशी. चहा अर्धा ठेवत. मी बोलली का 'हो, चुकलं' मनत. मले वाटे, थकले असतीन. कोनं मले सांगतलं नाई, ताई. म्हून मी तुमाले सांगून राहिली."

मी म्हटलं, अगं नाही, आमचं घर प्रार्थनेचं आहे, आमच्याकडे असं —

"आमच्या घरीबी देव होता," ती म्हणाली.

मग आणखी एक सांगितलं. हे तिच्या घरी आधी आले होते. दोन वर्षांपूर्वी, खात्याच्या कामाला. तिच्या नवऱ्याला कापसाचं नवं बियाणं यांनीच सुचवलं होतं. दोन्ही वर्षं पीक गेलं. त्याने जीव दिल्याचं यांना कळलं होतं. सगळं माहीत होतं यांना. आणि मी यांना त्याच शेतात उभं केलं, आणि हसा म्हणाले!

"आता घरी जा. आज त्याइले गीत-बित नोका सांगू. सरळ इचारा — मराचं मनात येते काय? असंच इचारा. मी नोतं इचारलं."

एसटीने आले. हे व्हरांड्यात खुर्चीवर आहेत. अजून उजेड आहे. मी आत जाऊन दोनदा पाणी पिऊन आले. आता विचारते.

२० ऑगस्ट, रविवार

"हो," म्हणाले. "उन्हाळ्यापासून."

 मी खुर्चीशेजारी खाली बसले आणि हात धरून ठेवला. रात्रभर सोडला नाही म्हटलं तरी चालेल.

सकाळी चर्चची घंटा झाली, आम्ही गेलो नाही. नऊला दारात कौशल्या! अंगावर धुतलेलं लुगडं, हातात तुरीच्या कोवळ्या पाल्याची एक डहाळी. दिवाळीनंतर पहिल्यांदा गाव सोडून आली. मला बाजूला सारून यांच्यासमोर बसली.

"सायेब, तुमी झूट नोतं सांगतलं. पाऊस नाई आला, तुमी काय करान? मी तुमाले कधी शिव्या नाई देल्या. हे तुमाले सांगाचं रायलं होतं."

हे रडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं मी.

उद्या डॉक्टरकडे जायचं आहे. मुलींना हलीमाबीकडे ठेवून आलेली कौशल्या थांबलीय — सोबत येते म्हणते.