नव्या खांद्याचा तांडेल

९ जून
बोईसरच्या हॉस्पिटलात उजवा खांदा बदलला. जुना सांधा जाळी ओढून झिजला होता, हाडावर हाड घासत होतं. आता नवा पार्ट. नारळी पुनवेला बोट घेऊन बाहेर. सातपाटीत मी सोडून आमची बोट चालवणारा तांडेल होणार कोण?
(डाव्या हाताने लिहितोय. अक्षर चांगलं येतंय.)

१३ जून
घरी. हात झोळीत. झोळी काढायची नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही. हे नियम ऑफिसवाल्यांसाठी असावेत.
संकल्प : तंबाखू बंद. बायकोवर, मंजुळावर चिडायचं नाही.

१४ जून
चिडलो. शर्टाची बटणं खालून लावत येते. म्हणाली, हात तुमचा हाय, पन आंगोळ मी घालते. तंबाखू थोडीच खाल्ली, दुखण्यावर म्हणून.

२ जुलै
फिजिओथेरपीची हिमानी. वाकायचं आणि हात लोंबता सोडायचा. या वयात इतका हात कुणाचा हलतो, विचारलं. तिने वहीत काहीतरी टिपलं. म्हणजे पटलं.

१५ जुलै
दर्पण म्हणतो, बाबा, या वर्षी बोट मी नेतो, तुमी घरीच राव्हा. माझाच पोरगा. सांगितलं, समुद्र मोबाइलवर कळत नाही. तर म्हणे जीपीएसवर कळतो. उद्धट नाही, अननुभवी आहे.

२४ जुलै
झोळी सुटली. हिमानीने दारावर कप्पी लावायला सांगितली. दोरी डाव्या हाताने ओढायची, उजवा आपोआप वर जातो. डावा राबणार आणि उजवा मजा बघणार? आमच्यात ज्या हाताचं काम तोच ओढतो. मी उलटं केलं. कळ आली. गंज निघत असणार.

२ ऑगस्ट
रोज उलटंच. हात छातीच्या वर जात नाही, पण ताकद आतून येते आहे. हिमानीला सांगितलं नाही. पोरगी घाबरेल.

८ ऑगस्ट. नारळी पुनव
बोटीवर चढताना दर्पणने हात पुढे केला. सगळं बंदर बघत होतं, म्हणून नाही घेतला. उजवा हात काठावर टेकून अंग उचललं. खांदा निखळला. ओरडलो, हे लिहायला लाज वाटते. आमचा खलाशी बन्सी मला रिक्षात घालून बोईसरला घेऊन आला. नारळ दर्पणने सोडला म्हणे.

१२ ऑगस्ट
पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, हात तोंडापर्यंत गेला तरी पुष्कळ समजा. जाळं नाही, सुकाणू नाही. डॉक्टर तरुण आहेत, त्यांना मासेमारीतलं काय कळतं? मंजुळा रडली. मला भीती वाटली. आतापर्यंत एवढी भीती वादळातही वाटली नव्हती.

२५ ऑगस्ट
पहाटे, भरतीच्या वेळी, दारात बन्सीची हाक. तांडेल, चला, पानी भरला. ओ दिली. चपला पायात सरकवल्या. डॉक्टर काही म्हणोत, बन्सीला माणूस कळतो.
दार उघडलं. बन्सीने मान खाली घातली. मागून दर्पण डबा घेऊन आला. आमचं दार अरुंद आहे. मी बाजूला झालो.