चौदा नंबरवरचा चंडोल

२७ सप्टेंबर १९७७, मंगळवार. सकाळी ६.

दोन लांब, एक आखूड. आज जाग आली ती त्या घंटीनं. म्हणजे घंटी वाजली नाही. ती शेवटची वाजून साठ वर्षं झाली. शेतावरच्या आमच्या घरात भिंतीवर फोन होता. एका तारेवर अकरा घरं. प्रत्येकाची घंटी वेगळी, पण कुणाचीही वाजली की अकराही घरांत रिसीव्हर हळूच उचलले जायचे. आई पिठाच्या हातानं, श्वास रोखून ऐकायची. नऊ वर्षांचा असताना मी त्या तारेवर शाळेतली अख्खी कविता म्हणून दाखवली. दहा घरांनी ऐकली. पुढे उभ्या आयुष्यात एवढे श्रोते जमले नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसलो. तिथे कविता कोण ऐकतो.

संकल्प: गाडीत सीबी रेडिओ बसवायचा. गावात निम्म्या गाड्यांत आहे. गाडी चालवता चालवता बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं. ती जुनी तारच, फक्त तारेशिवाय.

६.४०. खरं कारणही लिहून ठेवतो, वही माझीच आहे. कारण व्हर्ना. माझी मुलगी. शनिवारी माझ्याच टेबलाशी बसून, माझाच कोलाच, खसखशीचा गोड पाव, खात तिनं अट घातली. ऑगस्टमध्ये मी एक टपालपेटी पाडली (ती तीस वर्षं चुकीच्या जागी उभी होती). या महिन्यात अंडी आणायला निघालो आणि शेजारच्या कॅन्सस राज्यात पोचलो. कविता म्हणत होतो, चौथ्या कडव्यात. चौथ्या कडव्यात वळता येत नाही. व्हर्ना म्हणाली, बाबा, तोंडी तक्रारी मी धरतच नाही, त्या तर रोज येतात. पण नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तुमच्याबद्दल एक लेखी तक्रार आली, कुणाचीही असो, की गाडीची किल्ली माझ्याकडे. ती जिल्हा कचेरीत टाइपिस्ट आहे. कागदावर नसलेलं तिला दिसत नाही.

मी हात पुढे करून कबूल म्हटलं. दर रविवारी अकरा मैलांवर लिबीच्या कबरीशी जातो आणि गाडीत बसूनच तिला एक कविता म्हणून दाखवतो. व्हर्ना म्हणते, मी नेत जाईन की तुम्हाला. नेशील गं. पण तिसऱ्या माणसासमोर बायकोला कविता कशी म्हणायची?

रेडिओ असला की मी जबाबदार वाहनचालक. कोण तक्रार करतो बघू.

१ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.

रेडिओ बसवला. शेजारचा डेल्बर्ट हत्यारांची पेटी घेऊन न बोलावता आला. जन्म वीज कंपनीत गेला त्याचा, त्यामुळे त्याला विजेबद्दल फार बोलायची सवय आहे. म्हणाला, एमेट, किल्ली बंद केली की सेट बंद होईल अशी जोडणी करू. मी सरळ बॅटरीला जोडला. सेट सतत चालू ठेवायचा असं ठरवलं आहे. कोंबडी अंड्यांवरून सारखी उठली तर पिल्लं होतात का?

मग त्यानं माहितीपुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. माइकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो. ते दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काही ऐकू येत नाही आणि त्या चॅनलवर दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येत नाही. मी म्हटलं, पुरे. यमक नसलेलं मला लक्षात राहत नाही.

माइक अडकवायचा हूक बसवला नाही. चांगल्या गाडीला भोकं पाडणाऱ्यातला मी नाही. हूक, दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. उरणं हे सफाईदार कामाचं लक्षण.

४.३०. गाडी गॅरेजमध्ये घेताना छतावरची अँटेना वाकली. दार बुटकं आहे हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. अँटेनाला ठाऊक नव्हतं.

२ ऑक्टोबर, रविवार.

कबरीवरून येताना पहिलं भाषण. चौदा नंबरच्या चॅनलवर, गावातले सगळे तिथेच असतात. तिथे कुणी खरं नाव सांगत नाही. मी ‘माळरानचा चंडोल’ हे नाव घेतलं. गावच्या सीबी क्लबचा प्रमुख वेंडेल क्रेचमार, नांगराचे सुटे भाग विकतो, तो तिथे ‘लंगडा कोंबडा’ आहे. एक बाई ‘आंबट काकडी’ आहे. असल्या बागेत चंडोल उतरला हे त्यांचं भाग्य.

सुरुवातीला स्वतःच्या दोन ओळी म्हटल्या:

माळावरती वारा वाही,
चंडोलाला झोपच नाही.

मग हवामानावर सात मिनिटं बोललो. कोंबडा म्हणाला, आवाज खणखणीत येतोय बाबा तुझा, पण मधेमधे बटण सोडत जा, बाकीच्यांनाही तोंडं आहेत. खणखणीत, असा शब्द वापरला त्यानं. काकडी म्हणाली, झोप नाही तर डॉक्टरला दाखवा. रसिक बाई दिसते.

६ ऑक्टोबर, गुरुवार.

माइकची जागा सापडली. पुढच्या बाकाची बैठक आणि पाठ यांच्या फटीत तो अस्सा घट्ट बसतो. हलू नये म्हणून वर रस्त्यांचा नकाशा घडी करून ठोकून बसवला. डेल्बर्टच्या हुकाची गरज नव्हती हे सिद्ध झालं.

आता सेटवरचा लाल दिवाही कायम लागलेला असतो. सुंदर दिसतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा. बहुतेक सेट मुरला.

९ ऑक्टोबर, रविवार.

चौदा नंबरवर तीन दिवस पूर्ण शांतता. एक शब्द नाही. आधी वाटलं बिघाड असेल. मग लक्षात आलं. आमच्या शाळेत बाई मला बाकावर उभं करायच्या आणि मी तोंड उघडण्याआधी वर्गात अशीच शांतता पसरायची. लोक वाट पाहताहेत. पाहू देत. चंडोल हुकमावर गात नसतो.

लिबीला आज लांब कविता म्हटली, तिच्या आवडीची. काचा बंद, बाहेर वारा. शेवटच्या कडव्याला घसा दाटला. बरं झालं कुणी ऐकत नव्हतं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.

बॅटरी मेली. डेल्बर्टनं त्याच्या गाडीला वायर जोडून माझी सुरू करून दिली. दुकानदारानं गळकी बॅटरी माझ्या गळ्यात मारली हे उघड आहे. डेल्बर्ट म्हणाला, सेट रात्री बंद करत जा. काही माणसांशी वाद घालायला वेळ लागतो आणि माझं वय बहात्तर आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी.

दिवस गाजवला.

चर्चच्या तळघरात क्लबची कॉफी होती. महिन्यातून एकदा सगळे समोरासमोर भेटतात. चिलीचा तिखट रस्सा, त्यासोबत दालचिनीचे रोल. तिथे कळलं की दहा दिवस गावावर संकट आहे. कुणीतरी बटण दाबून चौदा नंबरवर ठाण मांडून बसलं आहे. कुणालाच बोलता येत नाही. कधी नुसती मुकी हवा, कधी इंजिनाची घरघर आणि तिच्यात कुणीतरी कण्हतंय. काकडी (घरी ती पोस्टातली मिसेस हॉर्निक आहे) म्हणाली, रविवारी सकाळी तर ऐकवत नाही, पडसं झालेली गाय देवाची प्रार्थना करत असावी तसं. सगळे हसले. मी हसलो नाही. असल्या माणसाचा मला संताप येतो. म्हणजे माझ्या चॅनलवरची शांतता आदराची नव्हती. कुण्या नालायकानं माझे श्रोते बंद करून ठेवले होते.

उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. वेंडेल म्हणाला, एमेट, असेल बिचारा कुणी, चुकून झालं असेल. मी म्हटलं, चुकून? दहा दिवस? असा मूर्ख गाडीत बसतो तरी कसा? वेंडेल म्हणाला, सापडला की समजावून सांगू, संपलं. मी म्हटलं, तुमच्या असल्या मऊपणानंच हा देश बिघडला. लेखी तक्रार झालीच पाहिजे.

कुणी लिहीना. मीच लिहिली, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात. शेवटचं वाक्य इथे उतरवून ठेवतो: ‘जो कोणी हे करत आहे तो वाहन चालवण्यास नालायक असून, त्याची किल्ली त्याच्या घरच्यांनी विनाविलंब ताब्यात घ्यावी.’ खाली पहिली सही माझी, मग बाकी बावीस. वेंडेलनं सही शेवटी आणि सुस्कारा टाकून केली.

कागद जिल्हा कचेरीत द्यायचा ठराव मीच मांडला. नाव सापडलं की वरच्या रिकाम्या जागेत भरायचं. व्हर्नाच्याच टेबलावर जाईल. बरंच आहे. तक्रार कशी लिहितात आणि कोण लिहितं, तिला एकदा कळू दे.

२० ऑक्टोबर, गुरुवार.

व्हर्ना येऊन गेली. म्हणाली, बाबा, तुमचं पत्र वाचलं, फार कडक आहे हो. मी म्हटलं, मऊच लिहिलंय मी. ती म्हणाली, तो माणूस म्हातारा असला तर? मी म्हटलं, म्हाताऱ्यांना तर अजिबात सवलत नको. आम्ही बाकीचे बदनाम होतो. आमच्या अटीचं विचारलं तर म्हणाली, नाही, अजून कागदावर तुमचं नाव कुठे नाही. बघ म्हटलं. महिना होत आला.

२२ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ५.

शोधमोहीम. प्रमुखपद मागून घेतलं. वेंडेलच्या हातात तारेचं कडं आणि त्याला जोडलेलं काट्याचं मीटर. चोराचा सेट ज्या दिशेला, तिकडे काटा झुकतो. सात गाड्या. मी सर्वांत पुढे.

चोर महाबिलंदर. मी उत्तरेला गेलो की मागच्यांचे काटे उत्तरेला. मी साखरबीटच्या गोदामाला वळसा घातला तर काट्यांनीही घातला. थांबलो की तोही थांबायचा. याचा अर्थ स्पष्ट आहे: तो माझ्या मागावर आहे. मी प्रमुख आहे हे त्याला कळलंय आणि माझ्यापासून दहा हातांवर राहून माझे डाव हेरतोय.

वेंडेलला तसं सांगितलं. तो मीटर घेऊन माझ्या गाडीभोवती एकदा पूर्ण फिरला. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, एमेट, आज पुरे, घरी जाऊन आराम कर. त्याचा धीर सुटला. माझा सुटलेला नाही. या वयात दम असलेला मी एकटाच उरलोय बहुतेक.

२३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.

बॅटरी पुन्हा मेली. लाल दिवाही विझला. लिबीकडे जाता आलं नाही. अठ्ठावीस महिन्यांत चुकलेला पहिला रविवार.

९.३०. डेल्बर्ट कुंपणावरून ओरडून सांगून गेला की चौदा नंबर रात्रीपासून मोकळा आहे, सगळे बोलताहेत. मी म्हटलं, पळाला बघ चोर, कालच्या मोहिमेनं घाबरला. डेल्बर्टनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गॅरेजकडे पाहिलं, आणि आत गेला. विजय त्याला पचला नाही.

दुपारी २. गल्लीत गाड्या येऊन थांबताहेत. सहा मोजल्या, वेंडेलची सर्वांत पुढे. सगळे उतरलेत, पण फाटकाच्या आत कुणी येत नाही. पुरुषांच्या टोप्या हातात. काकडीही आहे. सत्कार असणार. आधी कळवलं असतं तर दाढी केली असती. काय बोलायचं ते ठरवतो: थोडक्यात, पंधरा मिनिटं, शेवटी दोन ओळी.

२.०५. पुढच्या दाराची घंटा. या घरात पुढच्या दारानं फक्त ब्रश विकणारे येतात, म्हणून पडदा सारून पाहिलं. व्हर्ना आहे. ती उभ्या जन्मात मागच्या दारानं, घंटा न वाजवता आली आहे. चर्चचा कोट घातलाय. डाव्या हातात माझं पत्र. वरच्या रिकाम्या जागेत काहीतरी टाइप केलेलं दिसतंय, चष्म्याशिवाय लागत नाही. माझ्या वतीनं वाचून दाखवायला तिला आणलं असेल. तिचं वाचन सपाट आहे, मी स्वतःच वाचीन.

पुन्हा घंटा. येतो म्हणावं, वाक्य पुरं होऊ दे. रडलेली दिसतेय थोडी. बापाचा अभिमान वाटला की होतं तसं. दार अजून उघडलं नाही तोच तिनं उजवा हात पुढे करून ठेवलाय. हात मिळवायला असेल.

फक्त तळहात वर आहे.