तक्रारवहीतली कडवी

सोमवार, ४ मार्च
आजपासून रेल्वेशी युद्ध. आठ-पाचची लोकल सहा मिनिटं लेट! परिणाम : ऑफिसात मी चाळीस मिनिटं उशिरा. साहेबांनी सगळ्यांदेखत घड्याळाकडे पाहिलं. महिनाअखेर सेक्शन हेडची खुर्ची रिकामी होतेय. अठरा वर्षं वाट पाहिली, ती काय या डबड्यापायी घालवू? शेजारच्या टेबलावरच्या 'गजर'चा (नाव आम्हीच पाडलंय) त्या खुर्चीवर डोळा आहे. तोही माझ्याच गाडीने येतो, तरी कधी लेट नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

नुसत्या तक्रारीला कोण भीक घालतो? म्हणून गाणं. स्टेशनच्या खिडकीवरच्या तक्रारवहीत पहिलं कडवं, खाली वेळ, सही :

आठची गाडी नऊला आली,
नऊची गेली झोपी,
साहेब माझा लाल झाला,
मास्तर घाली टोपी!

झोंबलं असणार.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ८.०७
दुसऱ्या कडव्यात गाडीची वाट पाहून पायांना 'मुळ्या' फुटल्या आणि यमक सापडेना. सापडलं तेव्हा मान वर केली, तर गाडी फलाट सोडून चाललेली. यांना वेळेवर यायची हौस नेमकी आजच!

शुक्रवार, ८ मार्च
वहीत लाल शाईने उत्तर. खिडकीतला कारकून लिहितो, सदर गाडी वेळेवर होती. शिवाय 'मुळ्या'ला 'डुलक्या' जुळत नाही. माझ्या यमकाला नावं ठेवतो? गाडीचं नंतर बघू, आधी याला बघतो. चार कडवी फक्त त्याच्या चष्म्यावर. तेवढ्यात दोन गाड्या गेल्या. जाऊ देत.

मंगळवार, १२ मार्च
हिने विचारलं, सातला घरातून निघून दहाला ऑफिसात कसे पोचता? म्हटलं, मोठी लढाई चाललीय. म्हणाली, लढा खुशाल, पण आधी गाडीत चढा. हिला काव्यातलं काही कळत नाही.

गुरुवार, १४ मार्च. ८.०५
विजय! वहीत वाचून अख्खा फलाट माझं गाणं म्हणतोय. गजरसुद्धा. त्याने गाडीच्या दारातून मला हात केला. मी सातव्या कडव्यात होतो.

सोमवार, १८ मार्च
साहेबांनी बोलावलं. लेट मार्क दहा. म्हणाले, गाडीच लेट असते तर शुक्रवारपर्यंत रेल्वेचा दाखला आणा, खुर्ची तुमची. नाहीतर गजरची. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! रेल्वे आता आपला गुन्हा आपल्याच हाताने लिहून देणार.

मंगळवार, १९ मार्च
त्याच खिडकीत अर्ज दिला. कारकून भलताच अदबीने वागला. म्हणाला, तुमची वही जपून ठेवलीय, तारखा-वेळा त्यातूनच काढतो. टरकलाय. क्षणभर कीव आली. पण नाही, सूड म्हणजे सूड.

गुरुवार, २१ मार्च
दाखला मिळाला, बंद पाकिटात. फोडलं नाही. शत्रूचा कबुलीजबाब साहेबांच्याच हाताने फुटला पाहिजे, तोही गजरदेखत. शर्टाला इस्त्री केली.

शुक्रवार, २२ मार्च
साहेबांनी मोठ्याने वाचला. दहापैकी नऊ दिवस गाडी वेळेवर. त्या नऊही दिवशी गाडी आली तेव्हा अर्जदार आमच्या खिडकीशी गाणी लिहीत होते. प्रत्येक कडव्याखाली त्यांनीच वेळ टाकून सही केली आहे. एक दिवस गाडी सहा मिनिटं लेट, त्याबद्दल दिलगिरी.

खुर्ची गजरला. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी माझंच गाणं सुरू केलं. सगळ्यांना पाठ. 'साहेब माझा लाल झाला' म्हणताना साहेबही हसले. फार लागलं.

परतीच्या तीन गाड्या अगदी वेळेवर आल्या. तिन्ही सोडल्या, हिला तोंड दाखवायचा धीर होईना. घरी पोचलो तेव्हा हिने विचारलं, इतका उशीर?

म्हटलं, गाडी लेट होती.