भरलेली वजडी

प्रिय आत्या,

जय भीम. गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसती फळीवर ठेवली आहेस? इथे वडाळ्याच्या खोलीवर माझं बरं चाललंय. आमचं मॉडेल मंजूर झालं. आता जनावरांचे डॉक्टर होणारी मुलं बोकड न कापता त्याचं जठर चारी कप्प्यांसकट कॉम्प्युटरवर फिरवून पाहतील. सगळे माझी पाठ थोपटतायत, आणि मला मान वर करवत नाही.

पहिलं मॉडेल मी तुला लॅपटॉपवर दाखवलं होतं. आठ महिने खपलो होतो त्यावर. लालबागच्या बाजारात बोकडाच्या पोटाची वजडी साफ करून, विकून तू मला शिकवलंस. पण दाखवत होतो ते कौतुक करून घ्यायलाच. तू चष्मा लावलास आणि म्हणालीस, "अरे, ही तर रिकामी वजडी. चारा पोटात असताना ती अशी लोळत पडते होय?" दुसऱ्या दिवशी मोरीत अख्ख्या जठरात पाणी भरून, दोन्ही तोंडं सुतळीने बांधून तू मला त्याचा खरा आकार दाखवलास. मग तिसरा कप्पा चिरून आतली पानं बोटाने मोजलीस. मोठं, बारीक, मधलं, पुन्हा बारीक. ती बारीक पानं मी स्कॅनमधला कचरा समजून पुसून टाकली होती. एवढा शिकलेला मी! सगळं पहिल्यापासून केलं, तुझ्या मोजणीप्रमाणे.

मॉडेल पाहुण्यांना दाखवायचं होतं, त्या दिवशी मी तुला बोलावलं नव्हतं. तू आपणहून आलीस, ठेवणीतली निळी साडी नेसून, डब्यात खीर घेऊन. आमचे प्रमुख रमाकांत सर, त्यांनी विचारलं, या कोण? तुझ्या हातांना वजडीचा वास येत असेल, असं माझ्या मनात आलं, आत्या. ज्या हातांनी मला भरवलं, त्या हातांना. मी म्हणालो, "नमुने आणून देतात या." तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "हो साहेब, माल किती लागंल इचारायला आलते," म्हणालीस आणि डबा पिशवीतच ठेवून जिना उतरलीस. त्यानंतर चारदा फोन झाले. दोघंही जेवणाखाणाचंच बोललो.

परवा आपल्या शेजारची प्रिती दादरला भेटली. तू चाळीत सांगितलंस म्हणे, की भाच्याने सगळ्या साहेबांसमोर तुला खुर्ची दिली, ही माझी आत्या, हिच्यामुळे हे काम झालं, असं सांगितलं. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल सरांपुढे सगळं खरं बोललो. ते म्हणाले, सोमवारी पहिला वर्ग आहे, वजडी भरून दाखवायला त्यांनाच बोलाव. फोन केला असता तर 'जाऊ दे रे' म्हणून तू मला सोडून दिलं असतंस. म्हणून हे पत्र, मोठ्या अक्षरांत, तुझं तुलाच वाचता येईल असं. प्रितीला वाचायला देऊ नकोस. चाळीत तू जे सांगितलंस ते तसंच राहू दे. सोमवारी ये, आणि ते मला खरं करू दे.

तुझाच,
हर्षवर्धन