मध्यंतरानंतरचा न्यायाधीश

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग, प्रत्यक्षात उभ्यानेच. इस्त्रीच्या दुकानात माणसाला आडवं व्हायला जागा नसते, हे तुम्ही पाहिलंच आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने गावभर गोळ्या वाटाव्यात आणि स्वतः मात्र तेल चोळत बसावं, याचं मला नवल वाटतं. वहिनींना नमस्कार सांगा. तुमचा निळा कोट तयार आहे; कोपराचं चकाकणं आता तुम्हालासुद्धा दिसणार नाही. इथे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असतं, पण ठीक नाही, आणि त्याला कारण तुमची धाकटी बहीण आहे.

आमची सिनेमा बघायची रीत आधी सांगायला हवी. दुकान थिएटरच्या बरोबर समोर. दोघांनी एकदम जायचं तर दुकान बंद करावं लागतं, आणि फळी लावलेली दिसली की गिऱ्हाईक गठ्ठा घेऊन सरळ कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरकडे वळतं. (त्या माणसाला कॉलरमधलं काही कळत नाही. पण ते असो.) म्हणून आम्ही एकच तिकीट काढतो. मध्यंतरापर्यंत मी बघतो, मध्यंतरानंतर ती. दारावरचा बॅटरीवाला, म्हणजे अंधारात उजेड मारून खुर्ची दाखवणारा, आपल्यातलाच झालाय. त्याचा गणवेश आम्ही कडक इस्त्री करून देतो, तो आम्हाला अर्ध्यावर माणूस बदलू देतो. मध्यंतराला ती पायऱ्यांपाशी येते, मी तिकीट हातात ठेवतो आणि तोवर झालेली गोष्ट भराभर सांगतो, म्हणजे आत गेल्यावर तिला चाचपडायला नको. संध्याकाळी ती कपड्यांना चिठ्ठ्या लावते, मी घड्या घालतो, तेव्हा ती मला पुढची गोष्ट सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आम्ही असेच सिनेमे बघत आलोय, आणि आमच्याइतका नीट सिनेमा या रस्त्यावर कोणी बघत नाही.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. शर्ट टाकायला आलेला माणूस शर्टाआधी सिनेमाचं विचारतो. मी जा म्हटलं तर जातो, नको म्हटलं तर घरी जाऊन झोपतो. याचं कारण मला सिनेमा बघता येतो. लोक नुसते डोळे फाडून बसतात. मी सुरुवातीची नावं पडली की डोळे मिटून घेतो, कारण नट काय बोलतोय ते डोळे मिटल्याशिवाय कळत नाही. शिवाय ती खुर्ची, तो गारवा आणि तो अंधार. सकाळपासून इस्त्रीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिथे जे लक्ष एकवटता येतं, ते इतरांना काय येणार!

गेल्या महिन्यातला भुताचा सिनेमाच घ्या. लोक म्हणाले, फार भयंकर आहे. मला काही वाटलं नाही. माझ्या शेजारचा गृहस्थ किंचाळून माझ्या मांडीवर चढला होता असं बॅटरीवाला सांगतो. मी हललोसुद्धा नाही. त्यातलं भूत एका जुन्या घरात सगळ्यांचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवतं आणि कोणी त्याला बस म्हणत नाही. इथवर मी पाहिलं. शेवटी घरातली म्हातारी भुतासमोर खुर्ची सरकवते आणि त्याला रजा देते, हे तुमच्या बहिणीने सांगितलं. उत्तम सिनेमा. उगाच भयंकर म्हणून बदनाम केलाय. त्याच्या पुढचा जहाजाचा. कप्तानाला पाण्याची भीती वाटते, म्हणून तो जहाजावर सारखा कपडे वाळत घालतो. (दिग्दर्शकाला दोरीवर शर्ट उलटा घालायचा असतो हे बरोबर माहीत आहे. असे दिग्दर्शक थोडे.) शेवटी वादळात तेच कपडे एकमेकांना गाठी मारून सगळे वाचतात. हाही मी चारचौघांना आग्रहाने बघायला लावला. ते लोक हल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जातात, पण तेव्हा मला शंका आली नाही.

आता मुख्य गोष्ट. न्यायाधीशाचा सिनेमा. न्यायाधीश फार कडक. दिवसभर बसून असतो (नशीबवान!). मुलीला गाणं शिकायला परगावी जायचंय. तो म्हणतो, गेलीस तर परत येऊ नकोस. ती बॅग भरते, उंबऱ्यावर उभी राहते, मागे वळून बघते, आणि मध्यंतर! बॅटरीवाल्याने खांद्याला हात लावला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीने शेवट सांगितला. न्यायाधीश भर कोर्टात खटला अर्धवट टाकून खुर्चीवरून उतरतो. अंगात तोच काळा कोट. रस्त्याने पळत जाऊन मुलीला गाठतो, तिच्या हातातली बॅग काढून घेतो आणि एक अक्षर न बोलता स्टेशनाच्या दिशेने चालायला लागतो. दादा, मी इस्त्री उशीच्या अभ्र्यावर तशीच विसरलो. त्या अभ्र्यावर तिचा ठसा अजून आहे. गिऱ्हाइकाला मी ती नक्षी आहे असं सांगितलं.

हा सिनेमा मी सगळ्या रस्त्याला सांगितला. शाळेतले मास्तर बायकोला आणि सासूबाईंना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिघंही दुकानात उभे. मास्तर म्हणाले, "तुमचा न्यायाधीश कुठाय हो? सासूबाई दिवे लागेपर्यंत रुमाल हातात धरून बसल्या होत्या." मी म्हटलं, शेवटी येतो, तुम्ही आधी उठला असाल. ते म्हणाले, मध्यंतराआधीसुद्धा न्यायाधीश नव्हता. मी विचारलं, वेळेवर पोचला होतात का? तर म्हणे जाहिरातींपासून होतो. मास्तरांचा चष्मा फार जुना आहे, म्हणून तो मुद्दा मी सोडून दिला.

पण त्याच आठवड्यात थिएटरवाल्यांनी पडद्याची मखमली झालर इस्त्रीला द्यायची ठरवली. ती उतरवून घ्यायला मी गेलो, तर खेळ संपेपर्यंत थांबा म्हणाले. एकही खुर्ची रिकामी नव्हती. मी शिडी धरून भिंतीशी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मध्यंतरानंतरचा सिनेमा पाहिला. तोच सिनेमा, बाहेर तेच पोस्टर. दादा, न्यायाधीश नाही. मुलगी नाही. कोर्टाची साधी पायरीसुद्धा नाही. दोन दांडगे एका गोदामात एकमेकांना टायर फेकून मारतात, आणि मग सगळे मिळून ट्रकच्या टपावर नाचतात. चिखलात लोळून उठल्यावर नायकाच्या बाहीची इस्त्री जशीच्या तशी! असल्या सिनेमाला मी रस्ता पाठवला होता.

म्हणजे तुमच्या बहिणीने शेवट मनाने रचला. आणि एक रचला असेल तर भुताची रजा आणि जहाजाच्या गाठीही तिच्याच. लग्न ठरवायच्या वेळी तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाला होतात, आमची मुलगी खोटं बोलत नाही. औषधाच्या बाटलीवर असते तशी त्या वाक्याला काही मुदत होती का, एवढंच विचारतो.

मी तिला अजून काही बोललेलो नाही. इतर कशात मी माघार घेत नाही, पण इथे जीभ रेटत नाही. विचारलं, आणि ती ओशाळून गप्प झाली, तर संध्याकाळी काय करायचं? सध्या मीच गप्प असतो. ती सांगायला लागली की डोकं दुखतंय म्हणतो. ती चिठ्ठ्या लावते, मी घड्या घालतो आणि दुकानात घड्याळ ऐकू येतं. खरं सांगतो, मला फार चुकल्यासारखं होतं. मला ती गोष्ट हवी असते. रागावलोय, तरी हवी असते.

कळावे, लोभ आहेच, तो कोटासारखाच जपून ठेवला आहे.

आपला,
इस्त्रीवाले मेहुणे

ता. क. एक काम होतं. एखाद्या रविवारी येऊन दुपारभर आमच्या दुकानात बसाल का? कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, बाकी काही नाही. गुडघ्यासाठी स्टूल आहे. म्हणजे आम्ही दोन तिकिटं काढू आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी बसून एक सिनेमा बघू. मग ती संध्याकाळी काय सांगते ते बघतोच.

ता. क. दुसरा. यातलं तिला काही कळता कामा नये. पाकीट मात्र चिकटवायला तिच्याकडेच देतोय, कारण डिंक तिच्या फळीवर असतो. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

ता. क. तिसरा, माझ्या हाताने. दादा, मी आहे. वाचलं. रागावू नकोस, तुझं वाक्य अजून खरं आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला मी आत गेले तर ह्यांनी पायऱ्यांवर सांगितलेलं एकही माणूस पडद्यावर नव्हतं. मला वाटलं, चुकीच्या थिएटरात आले. बॅटरीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, ते नावं पडायच्या आत झोपतात. मध्यंतराला मीच हलवून उठवतो. घोरत नाहीत, त्यामुळे कोणाची तक्रार नाही." हे झोपेत जे बघतात तेच मला येऊन सांगतात, आणि शपथेवर सांगतात. बरं, सांगतात इतकं जीव तोडून की मला त्या पडद्यावरच्या टायरांचं काय करायचंय? तो न्यायाधीश ह्यांचाच. मुलगी बॅग घेऊन उंबऱ्यावर उभी. तिला तशीच उभी ठेवून मी ह्यांना गोदामातली मारामारी सांगू? मला नाही जमलं. म्हणून दर वेळी ह्यांच्या सुरुवातीला शोभेल असा शेवट मी घालत गेले.

तू रविवारी ये. तुझ्या गुडघ्याला उशीही ठेवते. आम्ही दोन तिकिटं काढून शेजारी बसू, मलाही एकदा पहिल्यापासून बघायचंय. ह्यांना मध्यंतराला उठवू नका, असं काकांना सांगून ठेवलंय. दिवसभर उभे असतात रे.

आणि ह्यातलं काही ह्यांना बोलू नकोस. डोकं दुखतंय म्हणून इतके दिवस गप्प होते, काल हे पाकीट माझ्याकडे दिलं आणि संध्याकाळी घड्या घालता घालता आपणहून विचारलं, बॅग घेतल्यावर पुढे काय झालं? मी म्हटलं, दोघं स्टेशनावर पोचले. बाकावर बसलेत. गाडी यायचीय अजून.